पंचवीस हजार मैल

बंकट मिस्त्रीला मोटारीचं खरं वय कळतं, अशी बीड शहरात तेव्हा बोलवा होती. तसा तो मेंढपाळाच्या घरचा. बाप केजकडच्या माळावर मेंढरं राखत म्हातारा झाला, थोरला भाऊही त्याच वाटेनं गेला. बंकट मात्र जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला, चार वर्षं फौजेच्या लॉऱ्यांखाली उताणा पडून राहिला, आणि परतला तो तेलाचा वास अंगात मुरवूनच. तो तिकडं असताना इकडं मानमोडीच्या साथीत त्याची बायको बायडाबाई गेली. तसं कार्ड त्याच्या हाती पडलं सात महिन्यांनी. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. बीडात जालन्याच्या लॉऱ्या थांबत, तिथं एका पत्र्याच्या छपरीत तो राहू लागला आणि लोकांच्या मोटारी नीट करून देऊ लागला.

जुनी मोटार घ्यायची असली की लोक आधी बंकटला घेऊन जायचे. मोटारीच्या फळीवर मैल मोजणारं घड्याळ असतं, त्याच्याकडं तो सगळ्यांत शेवटी बघायचा. ते मालकाच्या बोलीनं बोलतं, असं त्याचं म्हणणं. आधी तो मोटारीभोवती नुसती एक फेरी मारायचा. मग क्लच-ब्रेकच्या पायदाब्या बघायचा, दाराच्या बिजागऱ्या हलवून बघायचा, चाक वर उचलून दोन्ही हातांनी हिसडायचा. इंजिन चालू करायला लावून लाकडी दांड्याचं एक टोक त्यावर आणि दुसरं कानाशी धरून डोळे मिटून उभा राहायचा. मग आकडा सांगायचा. तो आकडा सांगताना विकणाऱ्याचा चेहरा पडला की त्याला बरं वाटायचं, हेही खरं. बसऱ्याहून त्यानं आणलं होतं ते एवढंच एक कसब, आणि ते चार लोकांसमोर दाखवायची संधी तो सोडत नसे.

फसली तेराशे अडतीसच्या साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणतीसच्या, उन्हाळ्याच्या तोंडाला, मोमिनाबादचे, म्हणजे आंबेजोगाईचे विठ्ठलराव त्याला न्यायला आले. विठ्ठलराव म्हणजे मोठे जमीनदार, वय पस्तिशीच्या आत, हौशी माणूस. सिकंदराबादला त्यांनी मोटारींची शर्यत बघितली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, आपल्याकडं तसली बुटकी, दोन माणसांची, वाऱ्यासारखी पळणारी मोटार पाहिजे. तशी एक गेवराईला भगवानराव देशमुखांकडं असल्याचं त्यांना कळलं होतं. देशमुखांचा एकुलता मुलगा गहिनीनाथ, त्यानं ती मुंबईहून कोरी आणली होती. तीन वर्षांपूर्वी तो पटकीनं गेला. तेव्हापासून मोटार झाकून ठेवलेली होती आणि आता देशमुख ती काढून टाकत होते.

सकाळी उन्हं चढायच्या आत ते गेवराईला पोचले. देशमुखांच्या घरापुढं लिंबाच्या झाडाखाली मोटार उभी करून ठेवली होती. गर्द हिरवा रंग, लांबलचक नाक, तारांची चाकं, टपाच्या जागी मागं दुमडलेलं कापड. विठ्ठलराव बघताक्षणीच भुलले. भगवानराव खुर्ची टाकून बसले होते. साठीचा उंच, ताठ माणूस, पांढऱ्या मिशा. जवळ गावातली चार-सहा माणसं आणि त्यांचा कारभारी बद्रीनाथ. चहापाणी झालं. मग भगवानरावांनी काठीनं मोटारीकडं दाखवलं.

"आठ हजार चारशे बारा मैल," ते म्हणाले. "गाडी आल्यापासून रोजचा आकडा मी स्वतः बघितलेला हाय. माणूस खोटं बोलंल, घड्याळ बोलत न्हाई."

बंकटनं मान हलवली आणि आपल्या कामाला लागला. पहिल्या फेरीतच त्याला काहीतरी खटकलं. मागच्या पाट्यांच्या कमानी पार बसल्या होत्या. आठ हजारांत कमान बसत नाही. क्लचची दाबी मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती, पायाच्या चवड्याचा आकार तिच्यात उतरला होता. सुकाणूचं चाक त्यानं हळूच फिरवलं, तर तीन बोटं फिरेपर्यंत पुढची चाकं जागची हलली नाहीत. लाकडी कड्यावर डाव्या-उजव्या हाताच्या जागी रंग उडून खालचं लाकूड तुळतुळीत झालं होतं. पुढचं चाक उचलून हिसडलं तर चाक जिच्यावर वळतं ती खुट्टी खडखडली. इंजिन चालू झालं तेव्हा मागून निळसर धूर आला, आणि दांड्यातून बंकटच्या कानात पोटातला तो ओळखीचा ठोका आला. लांब पल्ला पळालेल्या, पुन्हा पुन्हा घाट चढलेल्या इंजिनाचाच तो ठोका.

मग तो उताणा होऊन फळीखाली शिरला. घड्याळापासून खाली गिअरच्या पेटीकडं एक तार जाते, चाक फिरलं की ती फिरते आणि आकडे पुढं सरकतात. ती तार घड्याळाला जिथं आवळलेली असते, तिथला पितळी नट त्यानं बोटानं चाचपला. आजूबाजूचे सगळे नट गंजून, धुळीनं भरून होते तसेच होते. हा एकटा नट चकचकीत होता आणि त्याचे सहाही कोपरे गोल झाले होते.

तो बाहेर आला, दस्तीनं हात पुसले आणि म्हणाला, "सरकार, ही गाडी आठ हजार चाललेली न्हाई. पंचवीस हजारांच्या खाली एक मैल न्हाई."

भगवानरावांनी खुर्चीचा हात धरला. "जबान सांभाळून बोल बे," ते म्हणाले. "मी गाडी विकतो, इमान न्हाई."

बंकटला तिथं थांबता आलं असतं. विठ्ठलरावांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगता आलं असतं. पण त्याच्या शब्दावर शंका घेतली गेली होती आणि भोवती माणसं उभी होती. त्यानं भगवानरावांनाच वाकून बघायला लावलं. तो नट दाखवला, शेजारचे दाखवले. ही तार कुणीतरी काढायचं, गाडी चालवायचं आणि परत लावायचं. एकदा-दोनदा असं झालेलं नाही, शेकडो वेळा झालंय. हे सगळं त्यानं मोठ्यानं, फोड करून सांगितलं.

"गहिनीनाथाशिवाय ह्या गाडीला कुणी हात लावलेला न्हाई," भगवानराव म्हणाले.

"मग त्यांनीच काढली असंल," बंकट म्हणाला.

भगवानराव हळूहळू सरळ झाले. बंकटनं विकणाऱ्यांचे पडलेले चेहरे पुष्कळ पाहिले होते, हा तसला नव्हता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यातून रक्त निघून गेलं होतं आणि ते बंकटकडं बघतच नव्हते. कारभारी बद्रीनाथानं मान खाली घातली. गावातला एकजण उठून पायताण शोधू लागला.

"कुठं चालली असंल ही एवढी?" भगवानरावांनी विचारलं.

"ते लोखंड सांगत न्हाई, सरकार."

त्यांनी मोटारीच्या नाकावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि मग विठ्ठलरावांना सांगितलं की गाडी विकायची नाही, आपण तसदी घेतली, माफी असावी. ते आत निघून गेले. जाताना त्यांची काठी खुर्चीपाशीच राहिली.

परतीच्या वाटेवर विठ्ठलराव आधी चिडलेले होते. मग सिंदफणेचं पात्र ओलांडताना त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. बड्या घराण्यांत या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. गहिनीनाथाची बायको वत्सलाबाई ही युसूफ वडगावच्या मोहनरावांची मुलगी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका जुन्या वतनाच्या भांडणात मोहनरावांनी तालुकदारांच्या कचेरीत भगवानरावांच्या विरुद्ध साक्ष दिली. ती खरी की खोटी, देव जाणे, पण भगवानराव दावा हरले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुनेला माहेरी धाडलं आणि मुलाला बजावलं की त्या गावच्या शिवेत तुझा पाय पडता कामा नये. मुलगा बापापुढं कधी बोललेला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. बीडला सरकीच्या कारखान्याचं काम तो बघायचा, आठवड्यातून दोनदा जायचा, मुक्काम करायचा. बाप दर खेपेला घड्याळ बघायचा. गेवराई ते बीड, जाऊन-येऊन चाळीस मैल. आकडा कधी चुकला नाही.

दोन वर्षं अशी गेली आणि गहिनीनाथ वारला. तो गेल्यावर सहा महिन्यांनी वत्सलाबाईला मुलगी झाली.

"मोहनराव नातीला घेऊन गेवराईला आलते," विठ्ठलराव म्हणाले. "देशमुखांनी चार पंचांसमोर सांगितलं, माझा पोरगा तिकडं गेलेलाच न्हाई, माझ्यापाशी घड्याळाचा आकडा हाय. ही पोर आमच्या रक्ताची न्हाई. मोहनराव त्या दिवशी जे घरी गेले ते वर्षाच्या आत खचून मेले."

बंकटनं मनातल्या मनात हिशोब केला. बीडापासून युसूफ वडगाव पंचेचाळीस मैल. जाऊन-येऊन नव्वद. आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं. त्याला कागद-पेन्सिल लागली नाही. छपरीत पोचल्यावर त्यानं हात धुतले आणि बराच वेळ ओले तसेच ठेवले. आपण जे आज मोठ्यानं सांगितलं ते चार लोकांत सांगायला नको होतं, एवढंच त्याच्या मनात फिरत राहिलं.

बारा दिवसांनी भगवानराव टांग्यातून छपरीपाशी उतरले. बरोबर कुणी नव्हतं. बंकटनं घाईनं खाट झटकली, पण ते बसले नाहीत. त्यांनी विचारलं की ती गाडी युसूफ वडगावपर्यंत जाईल का. बंकट म्हणाला, खुट्ट्या बदलल्या, तेल बदललं, तर जाईल. मग त्यांनी विचारलं, तू नेशील का.

"दुसरा ड्रायव्हर बघून देतो, सरकार," बंकट म्हणाला. त्याला त्यांच्या शेजारी बसायची लाज वाटत होती.

"दुसरा नको. त्या दिवशी तूच बोललास. तूच चल."

गाडीचं काम करायला बंकटला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी पहाट फुटताना ते दोघं गेवराईहून निघाले. गाडीत दोनच जागा, खांद्याला खांदा लागत होता. बीड मागं टाकून कपिलधारचा फाटा गेला तेव्हा भगवानराव बोलू लागले, रस्त्याकडं बघत, जसं काही गाडीलाच सांगत होते.

गहिनीनाथाला पटकी झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज गेला. तो ओठ हलवायचा. मी समजलो, पाणी मागतोय. चमच्यानं पाणी घालत राहिलो. तो मान हलवायचा, मी परत पाणी घालायचो. असं दुपारपर्यंत चाललं. आता वाटतं, त्याला पाणी नको होतं. मग म्हणाले की कचेरीत त्या दिवशी जे झालं, त्यानंतर माझा कुणाच्याच जबानीवर भरवसा राहिला नाही. वडगावची माणसं आली, म्हणाली, आम्ही धाकल्या मालकांना येताना-जाताना बघितलंय. मी म्हणालो, तुमचे साक्षीदार तुमचेच असतात. सून आली, पाया पडून सांगितलं. मी पाय मागं घेतला.

बंकटनं मांजरसुंब्याचा घाट हळू चढवला. वर आल्यावर रेडिएटरमधून वाफा निघू लागल्या. रस्त्याच्या कडेला एक विहीर होती, तिथं त्यानं गाडी थांबवली. तो पाणी मागायला उतरणार, तेवढ्यात विहिरीवरचा म्हातारा माळी आपण होऊन भरलेली बादली घेऊन रस्त्यावर आला. सुग्रीव त्याचं नाव. बंकटला त्यानं बाजूला केलं, ओल्या पोत्यानं झाकण धरलं आणि सराईतासारखं फिरवून पाणी ओतू लागला.

ओतता ओतता म्हणाला, "गाडीचा आवाज लांबूनच वळखला. म्हणलं, आले मालक. लई दिसांनी आली ही. धाकले मालक कुठं हायत?"

बंकटनं भगवानरावांकडं पाहिलं. ते समोर बघत होते.

"ते गेले," बंकट म्हणाला. "तीन वर्षं झाली."

सुग्रीवनं बादली खाली ठेवली. मग सांगू लागला की मालक जाताना आणि येताना दोन्ही वेळा इथं थांबायचे. जाताना बोटं काळी असायची, म्हणायचे, बीडात गाडीची एक तार काढून आलोय, मग माझ्याकडनं राख घेऊन हात धुवायचे. शेवटच्या खेपेला लई खुशीत होते. म्हणाले, सुग्रीवबाबा, घरात पाळणा हलायचा हाय, आता वडलांना सांगून टाकतो, किती दिवस हे असं. मग आलेच न्हाईत. मला वाटलं, वडील राजी झाले, आता ह्या वाटंनं कशाला येतील.

भगवानराव गाडीतून उतरले. विहिरीच्या काठापर्यंत चालत गेले आणि पाठ करून उभे राहिले. बंकट आणि सुग्रीव त्यांच्याकडं न बघता उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचं उपरणं ओलं होतं. ते सुग्रीवला काहीतरी विचारणार होते, पण त्यांना नेमकं काय विचारायचं ते कळेना, असं दिसलं. शेवटी म्हणाले, "तो जेवून निघायचा का रे इथून?"

"कधी माझ्याच फडक्यातली भाकरी खायचे, सरकार."

तिथून पुढं केजही मागं पडलं. ऊन चढलं होतं. युसूफ वडगावात बाजाराचा दिवस होता. गाडी गावात शिरली तशी माणसं हातातलं सोडून बघायला लागली. मोटार बघायला जशी गर्दी होते तशी झाली नाही. लोक जागच्या जागी उभे राहिले आणि वाट करून देत गेले. कुठल्या घरी जायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही. एका बाईनं नुसता हात केला.

मोहनरावांच्या घराच्या ओट्यावर त्यांची विधवा केसरबाई शेंगा निवडत बसली होती. तिनं गाडी पाहिली, मग गाडीतला माणूस पाहिला, आणि सूप बाजूला ठेवून ती आत गेली. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. भगवानराव उन्हात उभे होते. मग वत्सलाबाई बाहेर आली. पंचविशीची असेल, पांढऱ्या कपाळाची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिच्या मागं पदराला धरून अडीच वर्षांची पोर. पोरीच्या हनुवटीकडं बंकटची नजर गेली आणि त्यानं ती लगेच खाली घेतली. भगवानरावांची हनुवटी तशीच होती, मधोमध खळी पडलेली.

भगवानरावांनी पायातलं काढलं. ते ओट्याच्या पायरीशी आले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की माझ्या हातून पाप झालं. तुझ्यावर आळ घेतला, तुझ्या बापाला अपमान करून लावून दिलं. गहिनीनाथ इथं येत होता हे मला आता कळलं. ह्या मिस्त्रीनं गाडी तपासली. घड्याळाची तार काढलेली होती, गाडी पंचवीस हजार मैल चाललेली आहे. माझी नात मला दे, तू घरी चल, ते घर तुझं आहे.

वत्सलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं बंकटकडं एकदा पाहिलं, त्याच्या काळ्या नखांकडं पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "मी तुमचे पाय धरून सांगितलं, ते खोटं होतं. माझ्या बापानं सांगितलं, ते खोटं. ह्या गावानं सांगितलं, ते खोटं. आज लोखंडानं सांगितलं, ते तुमाला खरं वाटलं. उद्या दुसरा मिस्त्री येईल अन् म्हणंल, ह्याची चूक झाली, गाडी आठच हजार चाललीय. मग माझ्या पोरीचं काय करायचं?"

बंकट मोटारीला टेकून उभा होता आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपलं कसब फार लहान आहे. आठ आणि पंचवीस यांतला फरक त्याला कळला होता. पण तो कळण्याआधी हे सगळं माहीत असलेली एक बाई इथं बसून होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

"पोर बघायची तर बघा," वत्सलाबाई म्हणाली. "तिला आजा हाय, हे तिला कळू द्या. पण मी येणार न्हाई, अन् तिला धाडणार न्हाई."

तिनं पोरीला पुढं केलं. पोरीचं नाव सुंदर. ती आजोबांकडं न जाता सरळ मोटारीकडं गेली आणि चाकाच्या तारांमधून हात घालून बघू लागली. बंकटनं पटकन चाकापुढं आपला पाय लावला, गाडी उभीच होती तरी. भगवानराव तिच्यापासून दोन हात लांब उकिडवे बसले. त्यांनी तिला हात लावला नाही. ती चाकाशी खेळून कंटाळली आणि आत पळाली, तेव्हा ते उठले. उठताना त्यांना बंकटचा आधार घ्यावा लागला.

गेवराईला परतल्यावर त्यांनी त्याच पंचांना मारुतीच्या पारावर बोलावलं आणि भर दिवसा सांगितलं की माझी सून खरी, मी खोटा. गावात कुणाला नवल वाटलं नाही. बद्रीनाथ कारभारी बंकटला पुढं एकदा म्हणाला की आम्हाला बऱ्याच जणांना आधीपासून संशय होता, पण देशमुखांसमोर बोलायचं कुणी. मग का बोलला न्हाईत, असं बंकटनं विचारलं. बद्रीनाथ उठून आपल्या कामाला लागला. त्या दिवशी लिंबाखाली आपण ज्या तोऱ्यानं बोललो होतो, तो त्याला आठवला.

त्यानंतर भगवानराव दर महिन्याला युसूफ वडगावला जात. बंकटच गाडी चालवी. सुग्रीवच्या विहिरीवर थांबत, पाणी घालत, कधी त्याच्या फडक्यातली भाकरी म्हातारा मागून घेई. वडगावात ते ओट्यावर बसत. केसरबाई आतून पाण्याचा तांब्या धाडी. घरात या, असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही कधी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. सुंदर त्यांच्या मांडीवर बसायला लागली, मिशा ओढायला लागली. वत्सलाबाई दारात उभी राही. गाडीला आवाज येतोय का, वाटेत चिखल होता का, असं काहीबाही ती बंकटशी बोले. सासऱ्याशी बोलली तर एखादाच शब्द. पावसाळ्यात कधी दोन-तीन आठवडे रस्ता बंद पडे, तेव्हा म्हातारा रोज आभाळाकडं बघत बसे, असं बद्रीनाथ सांगायचा.

लोक अजूनही बंकटला मोटारी दाखवायला न्यायचे. तो सगळं बघायचा, पण आकडा आता चारचौघांत सांगत नसे. घेणाऱ्याला बाजूला नेऊन हळू बोलायचा. कुणी विचारलंच, की मिस्त्री, आवाज बसला का तुमचा, तर तो हसून सोडून द्यायचा.

दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर भगवानरावांना छातीत कळ आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. अग्नी पुतण्यानं दिला. बद्रीनाथानं बंकटला निरोप धाडला की वडगावला कळवायचं आहे, तार नको, तूच जा. बंकट ती हिरवी मोटार घेऊन एकटाच निघाला. शेजारची जागा रिकामी होती. विहिरीपाशी सुग्रीव बादली घेऊन आला आणि रिकामी जागा बघून नुसतं पाणी ओतू लागला.

वडगावला पोचेपर्यंत दुपार झाली. वत्सलाबाई अंगणात धुणं वाळत घालत होती. गाडीत एकटा बंकट बघितल्यावर तिचे हात थांबले.

"कधी?" तिनं विचारलं.

"काल सकाळी, वैनी."

ती रडली नाही. हातातलं ओलं लुगडं तिनं दोरीवर नीट पसरलं, त्याच्या चुण्या काढल्या. मग आईला हाक मारून म्हणाली की न्हाणीत पाणी ठेव, तापवू नको, सुतक आलंय. केसरबाई दारात येऊन लेकीकडं बघत राहिली. मग ती घागर उचलायला गेली.

वत्सलाबाईनं डोक्यावरून गार पाणी घेतलं. मग सुंदरला न्हाणीत नेलं. थंडीचे दिवस होते, पोर कुडकुडून रडायला लागली, कशाला म्हणून विचारायला लागली. आई तिला सांगत होती, तुझा आजा गेला बाय, आपल्या घरचं माणूस गेलं, अंघोळ करावी लागती. बंकट अंगणात उकिडवा बसून ते ऐकत होता. थोड्या वेळानं दोघी बाहेर आल्या, केस ओले, आणि उन्हात भिंतीला टेकून बसल्या. दहावा कोणत्या वाराला येतो, एवढंच वत्सलाबाईनं विचारलं. बंकटनं बोटांवर मोजून सांगितलं.

"गेवराईला येऊ म्हणावं," ती म्हणाली.

तो उठला, मोटारीपाशी गेला. हँडल फिरवायला वाकला, आणि थोडा वेळ तसाच, हात हँडलवर ठेवून, वाकलेला राहिला.